आगीचे फोटो आणि दाव्याची गाठ

२००८ सालच्या फाल्गुनातली गोष्ट. आमच्या ऊसपट्ट्यातल्या एका वाडीवर भर दुपारी कडब्याची गंजी पेटली. गंजीला लागूनच गोठा होता. वारा गोठ्याच्या अंगाला होता. मी जाऊन पोचलो तेव्हा आग विझली होती आणि बंब परत गेला होता. तलाठी भाऊसाहेब पंचनामा लिहीत बसले होते. पंचनाम्याला फोटो हवेत, आणि आमच्या कचेरीत कॅमेरा हाताळणारा मी एकटाच, म्हणून मला बोलावणे आले होते.

एक म्हैस आणि तिचे रेडकू जागच्या जागी गेले होते. बैल मात्र बाहेर बांधलेले, म्हणून वाचले. मी या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून फोटो काढू लागलो. घरची बाई भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सायेब, फोटू काढून आग इझती व्हय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने सरळ विचारले होते. मला मात्र उत्तर देता आले नाही. मी मान खाली घालून कॅमेरा पिशवीत ठेवला. नोकरीच्या निमित्ताने मी किडीचे, रोगाचे, गारपिटीचे शेकडो फोटो काढले आहेत, पण त्या दिवसाचे फोटो मी पुन्हा उघडून पाहिले नाहीत.

या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला मिळाले ते अकरा वर्षांनी, आणि तेही एका मुद्दाम लावलेल्या आगीत.

सरावाची आग

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात आपल्या देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्यामागे मुंबईची एक दुःखद हकीकत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता. जवान आग विझवीत असतानाच, दुपारी चारच्या सुमारास, जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो.

या सप्ताहात बहुधा शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या परातीत तेल पेटवतात आणि ते विझवून दाखवतात. मुले टाळ्या वाजवतात, कार्यक्रम संपतो. २०१९ साली मात्र आमच्या तालुक्याच्या गावच्या अग्निशामक दलाला एक वेगळी संधी मिळाली. एका शेतकऱ्याला नवा गोठा बांधायचा होता आणि जुना पाडायचा होता. "पाडायच्या आधी जाळून बघा," असे तो आपण होऊन म्हणाला. दलात नवीन मुले भरती झाली होती. गोठ्याला आग लागली तर आत कसे शिरायचे, याचा सराव त्यांना खऱ्या आगीत मिळणार होता. गावोगावी दाखवण्यासाठी या सरावाचे फोटो काढावेत, असे आमच्या कचेरीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

मला वाटले, एक काडी ओढली की झाले. पण तयारीलाच दोन दिवस गेले. दलाचे अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकून आलेले होते. त्यांनी आधी गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे उतरवून घेतले, कारण असे पत्रे तापले की फुटतात आणि त्यांच्या कपच्या उडतात. त्यांच्या जागी लोखंडी पत्रे नुसते अडकवले. विजेची तार तोडून घेतली. शेजारचे कुंपण आणि बांधावरचे वाळलेले गवत भिजवून ठेवले. गोठ्याला एकच दार होते, म्हणून मागच्या भिंतीला भगदाड पाडून दुसरी वाट केली. मग प्रत्येक जवानाला आग नसतानाच आतून एक चक्कर मारायला लावली. खांब कुठे, गव्हाण कुठे, बाहेर पडायची वाट कुठे, हे त्याने हाताने चाचपून ध्यानात ठेवायचे.

जळण म्हणून फक्त कोरडा कडबा, उसाचे पाचट आणि लाकडी फळ्या ठेवल्या होत्या. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "साहेब, वाईच डिझेल मारा की, चांगला भडका उडंल." अधिकाऱ्यांनी स्पष्ट नकार दिला. "भडका केव्हा उडेल, किती उडेल, हे डिझेल ठरवतं. ते मला ठरवायचंय," असे ते म्हणाले.

एवढी काळजी कशाला, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की सरावाच्या आगीतही माणसे जातात. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या गावी १९८२ च्या जानेवारीत अशाच सरावात दोन जवान दगावले. त्यानंतर १९८६ साली तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेने सरावाच्या आगीसाठी वेगळी नियमावली काढली. आत 'जखमी' म्हणून जिवंत माणूस ठेवायचा नाही, हा त्यातलाच एक नियम. आमच्या सरावात तर जनावरही ठेवायचे नव्हते. म्हणून बारदानात भुसा भरून एक 'वासरू' केले आणि ते दारापासून सहा फुटांवर, गव्हाणीच्या दांडीला दाव्याने बांधले. दावे बांधले ते गोठ्याच्या मालकाने, रोजच्या सवयीप्रमाणे.

माझी चूक

सकाळी सातला, वारा पडलेला असताना, सुरुवात झाली. मी टेरिलिनचा शर्ट घालून गेलो होतो. अधिकाऱ्यांनी तो मला तिथेच बदलायला लावला. असले कापड उष्णतेने वितळते आणि कातडीला चिकटते. गोठ्याच्या मालकाचा सुती सदरा अंगात घालून मी उभा राहिलो. माझ्यासाठी एक दोरी बांधली होती. वाऱ्याकडे पाठ, दारासमोर तिरपी जागा. "दोरीच्या अलीकडून काय हवं ते काढा. पलीकडे पाऊल टाकायचं नाही," एवढे त्यांनी बजावले.

पहिली आग लावली. कडबा पेटला, दारातून धूर आला, पाठोपाठ ज्वाळा दिसल्या. मी सपाटून फोटो काढू लागलो. लाल-पिवळ्या ज्वाळा फार देखण्या दिसत होत्या. पण मागच्या पडद्यावर फोटो बघितले तर ज्वाळा तेवढ्या दिसत होत्या आणि जवान म्हणजे नुसत्या काळ्या बाहुल्या. कॅमेरा आपण होऊन उजेड मोजतो. त्याला ज्वाळांचा लखलखाट दिसला, त्याने सगळे चित्र काळवंडून टाकले. फ्लॅश लावून पाहिला तर आणखीच घोटाळा. धुराच्या कणांवर प्रकाश आपटून सगळे पांढरे झाले आणि जवानांच्या कोटावरच्या चमकत्या पट्ट्या आरशासारख्या उजळल्या. चेहरा नाही, हात नाही, नुसत्या पट्ट्या.

मला वाटले, बाजूने घेतले तर चेहरे येतील. डोळा कॅमेऱ्याला, आणि मी बाजूला सरकत गेलो. दोरी केव्हा ओलांडली ते कळलेही नाही.

एकदम लांब शिट्टी वाजली. आत शिरलेले दोघे जवान जागच्या जागी मागे फिरून बाहेर आले. पाण्याचा झोत बंद झाला. अधिकाऱ्यांनी सगळ्यांना एका ओळीत उभे केले आणि डोकी मोजली. मग ते माझ्याकडे आले. मी त्यांच्याहून वयाने मोठा, म्हणून आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्ही ज्या जागी उभे होता, ती या दुसऱ्या नळीची वाट आहे. आतली पोरं अडकली असती तर हे दोघे तुमच्या अंगावर आदळले असते. तुम्हाला सांभाळायचं की आतल्यांना काढायचं? एका फोटोपायी मला माझी पोरं धोक्यात घालता येणार नाहीत."

पन्नाशीकडे आलेला मी शाळकरी पोरासारखा उभा होतो. सराव अर्धा तास थांबला तो केवळ माझ्यामुळे. शेतकऱ्यांना "औषध फवारताना वाऱ्याची दिशा बघा" असे बजावत ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या पायाखालची दोरी दिसली नव्हती.

जमिनीवर पडून

दुसऱ्या आगीला मी दोरीच्या आत राहिलो आणि फोटो काढायच्या आधी नीट बघायला शिकलो.

पहिले ध्यानात आले ते हे की सगळेच जवान आगीशी झुंजत नसतात. एकजण बंबाच्या पंपाजवळ दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून उभा असतो. त्याचा हात चुकला तर आतल्यांचे पाणी तुटते. दोघे भरलेली दुसरी नळी घेऊन नुसते उभे असतात. आतल्यांवर प्रसंग आला तरच त्यांनी हलायचे. एकजण दाराशी पाटी घेऊन, कोण किती वाजता आत गेला ते लिहितो. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो अशी आपली समजूत आहे, पण ती दाबून भरलेली साधी हवा असते. सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १८०० लिटर हवा मावते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर किंवा त्याहून जास्त हवा ओढतो. म्हणजे पाऊण तासही पुरत नाही. हवा सरत आली की शिट्टी वाजते, पण पाटीवाला त्याआधीच हाक मारतो.

दुसरे, जवान आत शिरले ते उभ्याने नव्हे, रांगत. तसे का, ते मला कॅमेऱ्याने दाखवले. उभा राहून पाहिले तर दारात काळा पडदा. म्हणून मी पोटावर आडवा पडलो आणि लांबच्या भिंगातून आत पाहिले. धूर वर तरंगत होता आणि जमिनीलगत हात-दीड हात जागा बरीच स्वच्छ होती. तिथून गव्हाण दिसत होती, बारदानाचे वासरू दिसत होते, जवानाचे गुडघे दिसत होते. गरम धूर हलका, तो आधी छताला जातो आणि तिथून खाली भरत येतो. छतालगतच्या वायूचा ताव सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर गेला की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. मग आतल्या माणसाची धडगत नसते.

तिसरे, पाणी. आपण आग दिसली की बादल्या भिरकावतो. हे जवान मात्र झोत छताकडे क्षणभर सोडायचे आणि बंद करायचे, पुन्हा सोडायचे आणि बंद करायचे. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सुमारे १७०० लिटर जागा व्यापते. बंद खोलीत भसाभस पाणी मारले तर आतला माणूस किंवा जनावर आगीने नव्हे, वाफेने भाजते.

या वेळी मी कॅमेऱ्याला ज्वाळा मोजू दिल्या नाहीत. दाराबाहेरच्या भिजल्या मातीवरून उजेड मोजला, १/५०० सेकंदावर वेग पक्का केला, फ्लॅश बंद ठेवला. पाण्याचे थेंब हवेत थिजल्यासारखे आले आणि जवानांचे हात स्पष्ट आले. एकामागून एक अशी रांगच काढली. एक जवान वासराजवळ पोचला, गुडघ्यावर बसला आणि दाव्याशी झटू लागला. मी काढत राहिलो. शेवटी त्याने कमरेचा कोयता काढून दावे कापले आणि वासरू ओढत बाहेर आणले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री घरी फोटो उतरवून घेतले. आजकालचा कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ नोंदवतो, सेकंदासकट. जवान दारातून आत गेला तिथपासून वासरू बाहेर येईपर्यंत १ मिनिट ३४ सेकंद लागले होते. त्यांतले ४१ सेकंद एकट्या गाठीने खाल्ले. एवढा वेळ जाड हातमोज्यांनी ती गाठ सोडवण्यात गेला. हे तिथे उभ्या असलेल्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. फोटो ओळीने मांडले तेव्हा ते दिसले.

पडद्यावर

पुढच्या महिन्यात मी ते फोटो गावोगावी दाखवायला सुरुवात केली. चौथी-पाचवी सभा त्या जुन्या वाडीच्या गावात होती. देवळासमोर पडदा लावला. लोक ज्वाळा बघून "आरारा" म्हणत होते, पोरे बंब बघून खूश होती. मी फोटो पुढे सरकवत होतो आणि सेकंद मोजून सांगत होतो. दाव्याशी झटणारे हात पडद्यावर आले. एक फोटो, दुसरा, तिसरा, चौथा. हात तेच, गाठ तीच.

बायकांच्या बाजूने आवाज आला, "आमची गाठबी अशीच व्हती."

मी ओळखले. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. कोणी काही बोलले नाही. मग ती स्वतःच पुढे म्हणाली, "ह्यांनी लई वढली. ताणली तशी आवळत गेली. म्हस भ्यालेली, ती तिकडनं वढती. इळा घरात ऱ्हायला."

सभेत एक म्हातारेबुवा बसले होते. ते उठले, माझ्या पिशवीचा बंद मागून घेतला आणि खांबाला बांधून दाखवला. "ही निरगाठ. जनावर जितकं वढंल तितकी आवळती. आन् ही सुरगाठ. जनावरानं वढली तर सुटत न्हाई, पर ह्यो शेव माणसानं वढला की झटक्यात मोकळी." त्यांनी शेव ओढला, बंद हातात आला. "आमच्या बापानं शिकवली व्हती. आता पोरं घाईत कशीबी बांधत्यात."

त्या सभेत माझे भाषण तिथेच संपले. उरलेला वेळ लोक एकमेकांना गाठी शिकवत बसले. ती बाईही पुढे आली. तिने दोनदा गाठ बांधली, दोनदा शेव ओढून सोडली. मला ती काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही.

घरोघरी एवढे करावे

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, सांगायचे ते थोडकेच आहे.

दाव्याची खुंट्याकडची किंवा गव्हाणीकडची गाठ सुरगाठ असावी. गळ्याकडची मात्र सरकणारी नको, तिचा फास बसेल. घरातल्या पोरांना आणि बायकांना डोळे मिटून ती सोडता आली पाहिजे. गोठ्याच्या दाराबाहेर, हाताला लागेल असा एक विळा कायम अडकवून ठेवावा.

कडब्याची गंजी गोठ्यापासून आणि घरापासून निदान ५० फूट लांब रचावी. विजेच्या तारेखाली तर कधीच रचू नये. भुसा किंवा चारा ओलसर असताना रचू नये. २० टक्क्यांहून जास्त ओल राहिली तर ढीग आतून तापतो आणि कधीकधी आपोआप पेटतो. शंका आली तर लोखंडी गज ढिगात खोल खुपसून दहा-पंधरा मिनिटांनी काढावा. तो हातात धरवत नसेल तर ढीग उपसायची घाई करू नये. आत हवा शिरली की भडका उडतो. आधी बंबाला कळवावे आणि पाणी तयार ठेवावे.

आग दिसली की पहिले काम १०१ किंवा ११२ ला फोन करण्याचे. गावाचे नाव, वाट आणि जवळची खूण सांगावी आणि एका माणसाला फाट्यावर उभे करावे. वीज बंद केल्याखेरीज पाणी मारू नये. पेटत्या तेलावर पाणी टाकू नये. धुरात सापडलात तर खाली वाकून, रांगत बाहेर पडावे. तोंडाला ओले फडके बांधले तर काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही. म्हणून त्या भरवशावर आत शिरू नये. एकदा बाहेर आलात की दागिन्यांसाठी किंवा कागदांसाठी परत जाऊ नये.

आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइलचा कॅमेरा आहे, म्हणून तरुणांना एक सांगणे. आग लागली की पंचवीस जण फोटो काढत उभे राहतात आणि बंबाची वाट अडते. मी स्वतः ती चूक केली आहे, म्हणून सांगायचा मला हक्क आहे. आधी जनावरे सोडा, वाट मोकळी करा. आग विझल्यावर, भरपाईसाठी हवे तेवढे फोटो काढा.

गेल्या पावसाळ्यात त्या वाडीवरून जाताना पाऊस आला म्हणून त्या बाईच्या ओसरीला उभा राहिलो. समोर गोठा होता. दाराच्या चौकटीला खिळा ठोकलेला होता आणि खिळ्याला विळा अडकवलेला होता. आत दोन म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. मी गव्हाणीजवळ जाऊन पाहिले. दोन्ही दाव्यांना सुरगाठी होत्या आणि शेव माणसाच्या बाजूला मोकळे सोडलेले होते.